तीन नंबरचा बावटा

अर्ज आला तो वहीच्या कागदावर,
कुणा शाळकरी पोराच्या गोल अक्षरात,
खाली अंगठा: सुगंधा तुकाराम जाखी, मु. तवसाळ.
कोलंबी सोलणी, टेबल चार.

विषय: काटा.
दर क्रेटमागे दोनशे ग्रॅम कमी भरतात.
आणि पानाच्या काठाशी, जागा उरली नाही म्हणून बारीक करून:
काट्याचं बोलल्यापासून मला बर्फाच्या टेबलावर टाकलंय.

मी नियमपुस्तक उघडलं.
कलम नऊ: पहिल्या निकालानंतर सात दिवसांत अपील.
अर्ज नवव्या दिवशीचा.
म्हणजे एक शिक्का, "मुदतबाह्य",
आणि चहा गरम असतानाच पिता आला असता.

शिक्का उचललाही होता.
मग पहिला निकाल काढला, फाईल नीट लावावी इतक्याचसाठी.
"तक्रारीत तथ्य आढळले नाही."
खाली सही.
माझी.

आठवतच नव्हतं.
त्या दिवशी अकरा फायली होत्या, ऑडिट दारात होतं,
सुपरवायझर वाडेकर म्हणाले, काटा ठीक आहे,
मी लिहिलं, काटा ठीक आहे.
काट्यापर्यंत गेलो नव्हतो.
सोलणीत फार थंडी असते.

हेड ऑफिसला कळवलं:
ज्याच्या निकालावर अपील, त्यानेच ते ऐकू नये.
उत्तर दोन ओळींचं:
जयगडला दुसरा अधिकारी नाही. आपणच पाहावे.

म्हणून प्रयोगशाळेतल्या नसरीन होडेकरला शेजारी बसवलं,
वाडेकरांना म्हटलं, तुमचं नंतर ऐकतो, आता बाहेर बसा.
बाई आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या.
बोटांची टोकं पांढरी, फुगलेली,
पाण्यात राहिलेल्या साबणासारखी.
उशीर का झाला?
"तीन नंबरचा बावटा लागला होता ना साहेब.
दोन दिवस फेरी बंद. पोहत येऊ?"

कलम नऊमध्ये खाडी नाही.
मी समासात लिहिली. पेनने.

दोनशे ग्रॅम तुम्हाला कसे कळले?
"मला वाचता येत नाय. हातात घेतलं की कळतं."

मग तिघं सोलणीत गेलो.
बाजारातून सरकारी छापाचं माप आणलं होतं.
काट्याने किलोला किलो दाखवला.
वाडेकर दारातून हसले, आणि खरं सांगतो,
मलाही बरं वाटलं, क्षणभर.

नसरीनने विचारलं, क्रेटचं वजन किती धरता?
ऑगस्टपर्यंत क्रेट निळे होते, जाड.
आता पिवळे आलेत, हलके.
वजा होतं ते अजून निळ्याचंच.
तिने ते बटण दाबलं, रिकामा पिवळा क्रेट ठेवला.
आकडा आला: उणे दोनशे.

कोलंबी पडायच्या आधीच
बाई कंपनीचं देणं लागत होती.
एकटी नव्हे, बेचाळीस जणी.
यंत्रं थांबली नाहीत, पण सुऱ्या थांबल्या.

बर्फाच्या टेबलाचं विचारलं, तर वाडेकर म्हणाले, पाळ्या असतात.
पाळ्यांची वही मागवली.
एकतीस दिवस, एकच नाव.
शाई तेवढी बदललेली.

निकाल मी रात्री घरी लिहिला.
सगळ्यांचा फरक ऑगस्टपासून द्यावा.
जाखींची जागा उद्यापासून बदलावी.
वाडेकरांची चौकशी माझ्याकडे देऊ नये.
आणि सगळ्यात वर, पहिलं वाक्य:
पहिला निकाल चुकीचा होता, तो मी न बघता दिला होता.

हेड ऑफिसचा फोन आला.
बाकी ठीक आहे, पहिलं वाक्य गाळा.
मी गाळलेलं नाही.
पुढचा फोन अजून यायचाय.

बाईंना निकाल वाचून दाखवला.
त्यांनी मान हलवली नाही, हातही जोडले नाहीत.
म्हणाल्या, "प्रत द्या. पोराकडून परत वाचून घेईन."
प्रत दिली.
त्यांनी ती डब्याच्या पिशवीत, सुक्या बाजूला सरकवली
आणि पाचची फेरी धरायला उतारावरून
भराभर निघून गेल्या.